काचेबाहेरची चावी

"मानवजात किती पुढे गेली हे बघायचं असेल, तर पूल बघू नका, मनोरे बघू नका. माणूस आंघोळ कशी करतो ते बघा." शोरूमच्या मधोमध उभे राहून सल्लागार असे म्हणाले, की समोरचे गिऱ्हाईक नकळत ताठ होत असे. "बसलेला माणूस पाणी अंगावर ओतून घेतो. उभा असलेला माणूस पाण्याला हुकूम सोडतो. फरक एवढाच. पण सगळी संस्कृती त्या एवढ्याशा फरकात आहे."

अठ्ठावीस वर्षे ते हे वाक्य म्हणत आले होते, आणि अठ्ठावीस वर्षे रोज सकाळी घरी एका बुटक्या स्टुलावर बसून, बादलीतले पाणी तांब्याने अंगावर ओतून घेऊन कामावर येत होते. त्यांच्या घरी शॉवर नव्हता.

सल्लागार हे काही त्यांचे नाव नव्हे. खिशावरच्या बिल्ल्यावर 'स्नानगृह सल्लागार' असे लिहिलेले होते, आणि तो बिल्ला इतकी वर्षे एकाच जागी लागत आला होता, की सगळ्या शर्टांवर त्याचा फिकट चौकोन उमटला होता. त्यांच्या ताब्यात सतरा शॉवर होते. परातीएवढ्या चकतीतून थेट टाळूवर पाणी सोडणारा, टेलिफोनसारखा हातात धरायचा, भिंतीतल्या सहा भोकांतून पिचकाऱ्या मारणारा, आणि एक तर वाफेचे अख्खे कपाटच. शिवाय काचेच्या खोल्या. सरकत्या दाराची, बिजागरीच्या दाराची, कोपऱ्यात पाव वर्तुळासारखी बसणारी, आणि दारच नसलेली, नुसती एक काच उभी करून बाकी नशिबावर सोडणारी.

सतराही शॉवर ठणठणीत कोरडे होते. पाणी आले की काचेवर डाग पडतात आणि डाग दिसले की गिऱ्हाईक पळते, असे मालकांचे मत होते. त्यामुळे चावी फिरवल्यावर येणारा आवाज सल्लागारांना तोंडाने काढावा लागे. चकतीच्या शॉवरला ते "सर्रर्र" म्हणत, पिचकाऱ्यांना "फिस्स फिस्स", आणि वाफेच्या कपाटापुढे नुसता एक लांब सुस्कारा सोडत. गिऱ्हाइकाने बूट घालून आत पाऊल टाकू नये म्हणून सगळ्या चाव्या काचेच्या बाहेर, सहज हाताशी येतील अशा लावलेल्या होत्या. सल्लागारांचा उजवा हात झोपेतसुद्धा नेमका तिथे जाई.

घरात शॉवर नसण्याचे कारण म्हणजे त्यांचे वडील, अप्पा. अप्पा अडतीस वर्षे पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातले लोखंडी झाकण उचलायचे, चिखलाच्या खड्ड्यात उतरायचे, कमरेइतकी लांब चावी घालून फिरवायची, आणि या गल्लीला चाळीस मिनिटे, त्या गल्लीला पस्तीस मिनिटे, असे गावाला पाणी सोडायचे. लोक घड्याळ बघून नळ उघडत नसत, अप्पांची सायकल गेली की उघडत. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे पाणी मिनिटावर मोजले, तो स्वतःच्या घरात वरून धबधबा कशाला पडू देईल?

सल्लागार पंचविशीत असताना अप्पांनी त्यांच्यासाठी खात्यात शब्द टाकला होता. आयुष्यात त्यांनी टाकलेला तो एकमेव शब्द. नेमणुकीचे पाकीट घरी आले. सल्लागारांनी ते फोडलेसुद्धा नाही. "खड्ड्यात उतरून लोकांना पाणी सोडायचं काम मला जमणार नाही," असे म्हणून ते टाय बांधून शोरूमला गेले. अप्पा काही बोलले नाहीत. ते जे त्या दिवशी बोलले नाहीत, ते पुढे बोललेच नाहीत. बापलेकांमध्ये जी काही बोलणी झाली ती सगळी आईमार्फत.

"त्याला विचार, पावाला लोणी हवंय का."

"नको म्हणावं."

तिघे एकाच टेबलाशी, हातभर अंतरावर. आई दोन्हीकडची वाक्ये घ्यायची, त्यांचे टोक जरा बोथट करायची आणि पलीकडे द्यायची. काही वाक्ये ती मधेच ठेवून घ्यायची. ती कुठे ठेवली, हे तिने कुणाला सांगितले नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी ती गेली.

दोन वर्षांपूर्वी अप्पांचा उजवा हात लुळा पडला, उजवा पायही ओढू लागला. तेव्हापासून त्यांना आंघोळ घालायचे काम आईचे. रोज सकाळी नऊला न्हाणीघराचे दार आतून बंद व्हायचे, पाण्याचा आवाज यायचा, मधूनमधून तिचे पुटपुटणे, आणि पाऊण तासाने अप्पा भांग पाडून बाहेर यायचे. आत काय चालायचे, कसे चालायचे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. विचारायची प्राज्ञाही नव्हती.

ती गेल्यापासून अप्पांनी आंघोळ केली नाही. डाव्या हाताने ओला टॉवेल तोंडावरून फिरवत, की झाले. एक मदतनीस ठेवून पाहिला. चांगला दांडगा, हसतमुख माणूस. तो "चला आजोबा, कपडे काढू या," म्हणाला आणि अप्पांनी डाव्या हातातली काठी अशी उगारली, की त्याचे हसू त्याच्या आधी दाराबाहेर गेले.

मग सल्लागारांनी स्वतः जायचे ठरवले. ते अप्पांच्या खाटेपाशी उभे राहिले, घसा साफ केला आणि आपल्या बायकोला म्हणाले, "अप्पांना म्हणावं, मी घालतो आंघोळ."

अप्पाही सुनेकडेच बघत म्हणाले, "सूनबाई, त्याला म्हणावं, त्याला मी आंघोळ घातलेली आहे. त्याची उलटी गाडी असत नाही. मी उघडा फक्त एका माणसासमोर झालो. आता कुणासमोर होणार नाही."

"अहो, तुम्ही दोघं इथंच आहात!" बायको म्हणाली. "मी काय टपालखातं आहे? मला नाही जमायचं हे. आईंना जमायचं, त्यांची जीभ मऊ होती. माझी मुळातच खरखरीत."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. काखेत, सांध्यांत पुरळ उठले होते, एक-दोन ठिकाणी कातडी फुटायच्या बेतात होती. त्यांनी दाराबाहेर येऊन हलक्या आवाजात सांगितले, पण अप्पांचे कान रस्त्याखालचा पाइप कुठे गळतो ते ऐकून ओळखणारे होते. "सोमवारपर्यंत रोजची आंघोळ सुरू झाली नाही तर शुश्रूषागृहात हलवू या. मी गाडी सांगून ठेवते. तिथं दोन माणसं असतात, धरून चाकाच्या खुर्चीत बसवतात, नळीनं धुतात. काम होऊन जातं."

"नळीनं," अप्पा आतून एवढेच म्हणाले.

हा शब्द सल्लागारांच्या छातीत जाऊन बसला. अडतीस वर्षे ज्यांनी गावाला पाणी दिले, त्यांना दोन अनोळखी माणसे मोटार धुवावी तशी धुणार. त्या संध्याकाळी त्यांनी शोरूममधली माहितीपत्रके आणून टेबलावर पसरली. अप्पांना एकट्याला, दार लावून, कुणाचा हात न लागता आंघोळ करता येईल असा काहीतरी मार्ग सतरा शॉवरांत असलाच पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. बायको मधे बसली, कपाळाला हात लावून.

"हा वरून पडणारा," सल्लागार बायकोला म्हणाले.

"विचार त्याला, मिनिटाला किती लिटर?"

"अठरा म्हणावं."

"अठरा? म्हणजे माझ्या एका आंघोळीत खालच्या आळीतलं एक घर कोरडं!"

"बरं, हा हातात धरायचा."

"एकच हात चालतो म्हणावं. त्यात शॉवर धरला तर साबण काय दातानं लावू?"

"हा पिचकाऱ्यांचा."

"सहा बाजूंनी? मी काय दंगल केलीय?"

"हा वाफेचा."

अप्पांनी चित्र जवळ ओढून नीट पाहिले. "आत माणूस बसवायचा, दार लावायचं आणि वाफ सोडायची? सूनबाई, त्याला म्हणावं, मऊ शिजायचं माझं वय गेलं."

शेवटी सल्लागारांनी नऊ नंबरचे चित्र पुढे सरकवले. भिंतीच्या कोपऱ्यात बसणारी खोली. दोन बाजूंना भिंत, दोन बाजूंना दुधी काच, बाहेरून माणूस आहे एवढे कळेल, कोण आणि कसा ते कळणार नाही. आत भिंतीलाच पक्की बैठक. वर लहान चकती, मिनिटाला सहा लिटर. बसायचे, डाव्या हाताने चावी फिरवायची. आत दुसऱ्या माणसाचे कामच नाही.

अप्पांनी ते चित्र बराच वेळ पाहिले. "ही काच... बाहेरून काही दिसत नाही?"

हे त्यांनी सुनेला विचारले की कुणाला, ते नक्की कळले नाही. सल्लागार म्हणाले, "काही दिसत नाही."

"हं," अप्पा म्हणाले. बायको दोघांकडे आळीपाळीने बघून गुपचूप उठली आणि चहा टाकायला गेली.

सकाळी मालकांना सांगताच ते म्हणाले, "नऊ नंबर ना? तो काढायचाच आहे, नवीन येतोय. तोच घेऊन जा. आई गेल्या तुमच्या तेव्हा मी नुसता येऊन उभा राहिलो. माझ्या हातून काही झालं नाही."

हा प्रसंग सल्लागारांनी आयुष्यभर वाट पाहावी असाच होता. ते मोजपट्टी घेऊन नऊ नंबरपुढे गुडघ्यावर बसले आणि दुपारभर नकाशा काढत राहिले. चकतीची उंची, बैठकीची उंची, काचेची जाडी, भिंतीपासून दाराचे अंतर, दोन्ही चाव्यांची जागा, सगळे मिलिमीटरमध्ये, दोन रंगांत. खाली सही. इतका देखणा नकाशा त्या शोरूममधून कधी बाहेर पडला नव्हता.

प्लंबरने तो दोन्ही हातांनी घेतला. "असा कागद पाहिजे!" तो म्हणाला. "साहेब, तोंडी कामानं माझा एकदा घात केलाय. गिऱ्हाईक म्हणालं, जिन्यापाशी बेसिन लावा. मी लावलं. मग म्हणे, जिन्याखाली नको, जिन्यावर हवं होतं. तेव्हापासून कागदावर असेल ते करतो. कागदाबाहेर एक वॉशरसुद्धा नाही."

"मला असाच माणूस हवा होता," सल्लागार म्हणाले.

बुधवारी काम सुरू झाले. पहिल्या तासातच लक्षात आले, की काच न्हाणीघराच्या दारातून आत जात नाही. चार बोटांनी अडते. नकाशात शॉवर होता, दार नव्हते. म्हणून दार चौकटीसकट काढले. चौकट काढताना शेजारच्या फरश्या सुटल्या. फरश्यांखाली जुना पाइप निघाला, तो हात लावताच पाझरू लागला, म्हणून घराचे पाणी बंद केले. रात्री अप्पांनी खाटेवरूनच कान देऊन सांगितले, "सूनबाई, प्लंबरला म्हणावं, गळती तिथं नाही, वीतभर डावीकडे आहे." सकाळी फोडून पाहिले, तर वीतभर डावीकडेच होती.

पण या सगळ्यात बादली, स्टूल आणि तांब्या यांना जागाच उरली नाही. बायको दोन गल्ल्या पलीकडे मैत्रिणीकडे आंघोळीला जाऊ लागली. सल्लागारांना तशी मैत्रीण नव्हती. आंघोळ न करणारे घरात आधी एक होते, ते आता दोन झाले.

शुक्रवारपर्यंत शोरूममध्ये अत्तराचा वास दरवळू लागला. एक तरुण जोडपे आले होते. सल्लागार मानवजातीच्या प्रगतीबद्दल बोलत पुढे सरकत, तसतसे जोडपे मागे सरकत चौदा नंबरपर्यंत गेले.

"तुमच्याकडे घरी कुठला आहे?" नवरीने रुमाल नाकाशी धरून विचारले.

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न आला की सल्लागार खोकत असत. या वेळी ते खोकले नाहीत. "नऊ नंबर," ते म्हणाले. "वडिलांसाठी बसवतोय." आणि मग "सर्रर्र" म्हणायला तोंड उघडले, पण आवाज काही निघाला नाही. जोडप्यातला नवरा उगाचच काच तपासू लागला.

रोज संध्याकाळी घरी आले की ते बूट न काढता आधी काम बघायला जात. रोज मान डोलावत. हुबेहूब. जसा शोरूममध्ये तसा घरी, केसाचाही फरक नाही. शनिवारी फरश्या बसल्या, दार बसले. रविवारी दुपारी प्लंबरने काच पुसली, कागदाशी प्रत्येक माप ताडून पाहिले आणि म्हणाला, "बोलवा आजोबांना."

सल्लागार त्या दिवशीही अर्धा दिवस शोरूमला जाऊन आले होते. टाय तसाच होता. बायकोने गरम पाण्याची टाकी चालू केली. अप्पा काठी टेकत आले. अंगावर नेहमीचा झगा, खांद्यावर टॉवेल. त्यांनी न्हाणीघरभर नजर फिरवली. जिथे स्टूल असायचे त्या कोपऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग कुणाचा हात न घेता आत शिरले, डाव्या हाताने दुधी काचेचे दार ओढून घेतले. काचेपलीकडे एक करडी सावली हळूहळू वाकली आणि बैठकीवर टेकली. झगा दाराच्या वरून बाहेर आला. बायकोने तो हलकेच घेतला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

बराच वेळ काहीच झाले नाही.

"सूनबाई," आतून आवाज आला, "त्याला विचार, चावी कुठाय?"

"डाव्या हाताला म्हणावं," सल्लागार म्हणाले. "बसल्या बसल्या."

सावली चाचपडली. "डाव्या हाताला काच आहे."

"मग समोर."

"समोरही काच आहे. नुसती."

सल्लागार हसले, तज्ज्ञ लोक हसतात तसे. "असं कसं होईल! ही काय इथे," असे म्हणत त्यांचा उजवा हात सवयीने नेमका चावीवर गेला. लाल ठिपक्याची आणि निळ्या ठिपक्याची, अशा दोन्ही चाव्या त्यांच्या हाताशी होत्या. त्यांच्या हाताशी, म्हणजे काचेच्या बाहेर.

ते तसेच उभे राहिले. हात चावीवर, तोंड उघडे.

"मी बुधवारी विचारलं होतं तुम्हाला," बायको हळूच म्हणाली. "अहो, नळ बाहेर कसा? तर म्हणालात, तो तिथेच असतो."

"हे काय केलंस?" सल्लागार प्लंबरवर ओरडले.

प्लंबरने शांतपणे खिशातून कागद काढला, उलगडला आणि बोट ठेवले. "काचेच्या कडेपासून एकशे ऐंशी मिलिमीटर. बाहेरच्या बाजूला. खाली सही तुमची."

"अरे, पण तुला कळत नाही? आंघोळ करणारा आत आणि नळ बाहेर असतो कधी?"

"मला वाटलं साहेब, तुम्ही सल्लागार आहात. नवीन पद्धत निघाली असेल. रोज संध्याकाळी येऊन मानही डोलावत होता."

सल्लागार न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. मट्कन. चाव्या आत घ्यायच्या तर भिंत फोडायची, पाइप वळवायचा, फरश्या काढायच्या, म्हणजे पुन्हा आठवडा. आणि उद्या सोमवार. उद्या गाडी येणार. त्यांना ती दोन माणसे दिसली, ती खुर्ची दिसली, नळी दिसली. आतमध्ये ऐंशी वर्षांचा म्हातारा अंगावर काही न घेता कोरड्या चकतीखाली बसला होता, आणि त्याला तिथे बसवणारा सतरा शॉवरांचा धनी टाय बांधून बाहेर रडायच्या बेतात होता. आई असती तर याच क्षणी तिने मधे काहीतरी बोलून सगळे सावरून घेतले असते. आता मधे फक्त काच होती.

"काय झालं?" आतून विचारणा झाली.

बायकोने सल्लागारांकडे पाहिले आणि या वेळी मात्र ओठ घट्ट मिटून घेतले.

"अप्पा," सल्लागार म्हणाले. हा शब्द इतक्या वर्षांनी थेट उच्चारल्यामुळे तो जरा फाटला. "अप्पा, चुकलं माझं. चाव्या बाहेर लागल्या आहेत. काचेच्या बाहेर."

आतून अप्पा म्हणाले, "मग?"

"मग म्हणजे?"

"चावी बाहेरच असते. पाणी घेणाऱ्याच्या घरात चावी कधी कुणी बसवली? घेणाऱ्याच्या हातात चावी दिली की गावाचं वाटोळं झालंच म्हणून समज. बरोबर केलंय त्यानं." थोडे थांबून त्यांनी विचारले, "दोन आहेत का?"

"हो. लाल आणि निळी."

"कोण उभं आहे तिथं?"

"मी."

"बाकीच्यांना बाहेर काढ. आधी निळी. पाव फेरा. एकदम नको, पाइप ओरडतो."

बायको आणि प्लंबर बाहेर गेले. सल्लागार उठले. शोरूममध्ये ते चावी झटक्यात फिरवत, गिऱ्हाईक दचकले पाहिजे म्हणून. आता त्यांनी ती दोन बोटांनी, जपून फिरवली. भिंतीत कुठेतरी गुरगुर झाली, वर चकतीत हवा फुसफुसली आणि पाणी पडू लागले. त्यांनी आयुष्यभर तोंडाने काढलेला आवाज तसा मुळीच नव्हता. खरा आवाज बराच साधा होता.

"आता लाल. केसभर. ... अजून केसभर. ... थांब. हाताला काय लागतंय?"

"थरथर."

"थरथर म्हणजे वरून दाब येतोय. चावी सोडू नकोस, थरथर थांबेपर्यंत धरून राहा. ... थांबली?"

"थांबली."

"हं. आता सोड."

सल्लागारांनी हात सोडला. काचेवर थेंब उमटू लागले, करडी सावली आणखी अंधुक झाली. डाव्या हाताची हालचाल दिसत होती. साबण लावणे चालले होते, सावकाश, मध्ये मध्ये थांबत.

"अडतीस वर्षं सोडलं," अप्पा आतून म्हणाले. पाण्यामुळे त्यांना आवाज चढवावा लागत होता. "पण ते कुणाच्या अंगावर पडताना कसं लागतं, हा विचार कधी आला नाही. आपण सोडायचं आणि सायकल पुढं काढायची."

सल्लागारांचा हात पुन्हा चावीवर गेला.

"तुझा हात बरा आहे," अप्पा म्हणाले. "खात्यात टिकला असतास."

सल्लागारांना अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या न फोडलेल्या पाकिटाबद्दल काहीतरी बोलायचे होते. वाक्य त्यांनी मनात जुळवले, शोरूममध्ये बोलायची सवय असल्याने ते फारच लांब आणि गोळीबंद झाले, म्हणून पुन्हा मोडले. तोवर अप्पाच बोलले.

"तुझी आई पाणी फार कढत घ्यायची."

"हो?"

"मला भाजायचं. दोन वर्षं रोज भाजायचं. बोललो नाही. तिला वाटायचं मला आवडतं. म्हणायची, बघा कसं बरं वाटतंय. मी म्हणायचो, हो." पाणी पडत राहिले. "लाल चावी फिरव."

सल्लागारांनी फिरवली.

"आणखी."

"अप्पा, भाजेल."

"फिरव म्हणतो ना."

त्यांनी फिरवली. काचेवर वाफ चढली आणि सावलीही दिसेनाशी झाली. आतून काही आवाज येत होता. तो पाण्याचा होता की आणखी कशाचा, हे ओळखायची काही युक्ती कुठल्याच माहितीपत्रकात दिलेली नव्हती. सल्लागारांनी टायने डोळे पुसले. टाय त्या कामासाठी बनवलेला नसतो, पाणी नुसते पसरते.

दाराबाहेरून प्लंबर दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, मंगळवारी येतो. भिंत फोडून चाव्या आत घेतो. नवा कागद मात्र द्या."

"खबरदार!" काचेच्या आतून गर्जना झाली. "चाव्यांना कुणी हात लावायचा नाही! कागदाप्रमाणे झालंय, तसंच राहील!"

बाहेर बायको हसली, की तिचा हुंदका होता, देव जाणे. ती डॉक्टरबाईंना फोन लावत होती. गाडी नको, हे तिला एका वाक्यात सांगायचे होते, पण पाच मिनिटे ती सांगतच राहिली.

सल्लागार चावीवर हात ठेवून उभे होते. जमले होते. उद्या कुणी येणार नव्हते, कुठली खुर्ची नव्हती, कुठली नळी नव्हती. अप्पा दार लावून, कुणासमोर उघडे न होता, आंघोळ करत होते, आणि रोज सकाळी नऊला करणार होते. एका काचेने सगळ्यांची अब्रू राखली होती. त्यांची छाती भरून आली. काचेविषयी, माणसामाणसांतल्या अंतराविषयी आणि मानवजातीविषयी एक नवेच, भारदस्त वाक्य त्यांच्या मनात आकार घेऊ लागले होते.

"आहेस का तिथं?" अप्पांनी विचारले.

"आहे अप्पा."

"दार ढकल आणि आत ये जरा. पाठ राहिलीय."